मेलेला मासा, उभं विमान आणि आपलं हसू

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जर्नल क्लबमध्ये एका पेपरचा एका वाक्यात निकाल लावला होता. ती गोष्ट आज सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण लवकरच अशाच एखाद्या खोलीत बसणार आहात.

आमच्याकडे दर शुक्रवारी जर्नल क्लब असतो. एकजण पेपर मांडतो, बाकीचे त्याची चिरफाड करतात, मध्ये चहा-बिस्किटं. त्या दिवशी माझा एक सहकारी मेंदूच्या स्कॅनवरचा पेपर मांडत होता. स्लाइडवर राखाडी मेंदू आणि त्यात लाल-पिवळे ठिपके. मी हात वर केला आणि म्हणाले, "असे ठिपके मेलेल्या माशाच्या डोक्यातही दिसतात की!" सगळे हसले. तो बिचारा ओशाळला. मला वाटलं, झालो आपण संशोधक.

हसू थांबल्यावर आमच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "त्या माशाच्या पेपरचा मुद्दा काय होता गं?"

"हेच की, एफएमआरआयवर फार भरवसा ठेवू नये."

"वाचलायस तो?"

नव्हता वाचला. मीम पाहिलं होतं.

"बरं. आणि आजच्या पेपरात यांनी करेक्शन केलंय का, ते पाहिलंस?"

तेही नव्हतं पाहिलं. मॅडमनी मेथड्सच्या भागातली एक ओळ वाचून दाखवली. करेक्शन केलेलं होतं. म्हणजे माशाचा विनोद ज्या चुकीवर होता, ती चूक या पेपरात नव्हतीच.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. विज्ञानाच्या बातमीवर किंवा पेपरवर केलेला एखादा विनोद आवडला, की तोही पेपरसारखाच तपासायचा. त्याचा दावा काय आहे? रोख कुणावर आहे? गृहीतकं कोणती आहेत? आज अशाच काही गाजलेल्या विनोदांचं परीक्षण करू या. त्यातले काही अप्रतिम आहेत, काही बरे आहेत, आणि एक प्रकार मला मनापासून नावडतो.

मासा नेमकं काय म्हणाला?

आधी माझ्या अपराधाकडे वळू. २००९ साली क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या संशोधकांच्या परिषदेत एक पोस्टर लावलं. त्यांनी एक अटलांटिक सामन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला. मासा साधारण १८ इंच लांब होता, आणि पोस्टरमध्ये गंभीरपणे नमूद केलं होतं की स्कॅनच्या वेळी तो जिवंत नव्हता. या माशाला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या व्यक्तीला काय वाटत असेल ते ओळखायला सांगितलं. मग आकडेवारी चालवली, आणि माशाच्या मेंदूच्या पोकळीत चक्क 'सक्रिय' भाग सापडला.

हे कसं झालं ते समजलं नाही, तर विनोद समजला असं म्हणता येणार नाही. एफएमआरआयमध्ये मेंदूचे हजारो छोटे चौकोनी तुकडे पाडलेले असतात. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेलसाठी वेगळी चाचणी होते: फोटो दाखवताना इथला सिग्नल बदलला का? माशाच्या बाबतीत असे ८,०६४ व्हॉक्सेल होते. पी-व्हॅल्यूची मर्यादा होती ०.००१. म्हणजे काहीही घडत नसताना हजारात एकदा तरी चाचणी 'घडलं' असं सांगणार. आता साधा गुणाकार करा: ८,०६४ गुणिले ०.००१, म्हणजे सुमारे ८. निव्वळ योगायोगाने आठेक व्हॉक्सेल पेटलेले दिसायला हवेत. त्यांना दिसले १६. आठ ही फक्त सरासरी आहे, आणि शेजारशेजारचे व्हॉक्सेल एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडा वर-खाली होणारच.

अजून सोपं करून सांगते. एका मैदानावर १,०२४ मुलं उभी करा आणि प्रत्येकाला दहा वेळा नाणं उडवायला सांगा. सरासरी एका मुलाला दहाही वेळा छापा पडेल. त्या मुलाला स्टेजवर बोलावून "नाणेफेकीतली विलक्षण प्रतिभा" म्हणून सत्कार केला, तर चूक मुलाची नाही आणि नाण्याचीही नाही. आपण १,०२४ मुलांतून त्याला निवडलं, हे सांगायला विसरलो, ही चूक आपली.

यावर उपाय आहे आणि तो २००९ मध्येही नवा नव्हता. अनेक चाचण्या एकत्र केल्या, की मर्यादा त्या प्रमाणात कडक करायची. यालाच मल्टिपल कम्पॅरिझन करेक्शन म्हणतात. तेच करेक्शन लावल्यावर माशाचा एकही व्हॉक्सेल सक्रिय राहिला नाही. मासा पुन्हा मेला.

विनोद म्हणून या पोस्टरला मी पैकीच्या पैकी गुण देते, आणि त्याची कारणं आहेत. एक, विनोद करणारे स्वतः एफएमआरआयवर काम करणारे होते. त्यांना यंत्र मोडीत काढायचं नव्हतं, घर झाडायचं होतं. दोन, उपाय त्याच पोस्टरमध्ये होता. तीन, शीर्षकाच्या उत्तरार्धातच लिहिलं होतं की हा करेक्शनच्या बाजूने केलेला युक्तिवाद आहे. मीम बनवणाऱ्यांनी तो उत्तरार्ध कापला आणि माझ्यासारख्यांपर्यंत फक्त मासा पोहोचला. या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल मिळालं, तेव्हा तर मासा आणखीच दूर पोहत गेला.

याच भोकातून २०१५ मध्ये एक चॉकलेटही निघालं. जॉन बोहॅनन या पत्रकाराने आणि त्याच्या साथीदारांनी जर्मनीत एक छोटा प्रयोग केला. पंधरा माणसांचा डेटा, आणि प्रत्येकाची १८ वेगवेगळी मोजमापं: वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. अठरा स्वतंत्र चाचण्यांत ०.०५ या मर्यादेने किमान एक खोटा 'निकाल' मिळण्याची शक्यता सुमारे ६० टक्के येते. हवं तर १ वजा ०.९५ चा अठरावा घात करून बघा. त्यांना वजनाचा निकाल लागला, म्हणून 'चॉकलेटने वजन लवकर उतरतं' असा पेपर छापून आणला, आणि वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. मग त्यांनी स्वतःच सगळा प्रकार उघड केला.

मुद्दा माशाचाच आहे, पण हा विनोद मला कमी आवडतो. माशाला कुणी फसवलं नव्हतं. इथे प्रयोगात सहभागी झालेल्या माणसांना खरा हेतू सांगितलेला नव्हता. शिवाय 'चॉकलेट खा, बारीक व्हा' हा मथळा वाचणाऱ्या प्रत्येकाने नंतरचा खुलासाही वाचला असेल, असं धरून चालता येत नाही. आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खुलासे किती फिरतात आणि मथळे किती, हे तुम्ही जाणताच.

पॅराशूटची दोन उड्डाणं

आता एकाच विषयावरचे दोन विनोद बघू. दोघांत १५ वर्षांचं अंतर आहे, आणि माझ्या मते दुसरा पहिल्यापेक्षा फार सरस आहे.

पहिला २००३ चा, 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळ अंकातला. गॉर्डन स्मिथ आणि जिल पेल यांनी एक 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' लिहिला: उंचावरून उडी मारताना पॅराशूट वापरल्याने जीव वाचतो, याला रँडमाइज्ड चाचणीचा पुरावा आहे का? शोधलं, तर एकही चाचणी सापडली नाही. ते पुढे असंही म्हणतात की पॅराशूटशिवाय पडून वाचलेली माणसंही आहेत आणि पॅराशूट असून मेलेलीही. शेवटी त्यांनी सुचवलं की पुराव्याचा अट्टहास धरणाऱ्या कट्टर मंडळींनीच पुढे येऊन पॅराशूटच्या चाचणीत भाग घ्यावा.

वाचताना हसू येतंच. रोख आहे तो प्रत्येक गोष्टीला चाचणी मागणाऱ्या हटवादीपणावर. पण परीक्षक म्हणून मला इथे एक गोष्ट खटकते. पॅराशूट हे उदाहरणच अपवादात्मक आहे. विमानातून पडणारा माणूस पॅराशूटशिवाय जवळपास नक्की मरतो आणि पॅराशूटने जवळपास नक्की वाचतो. इतका प्रचंड परिणाम असलेली औषधं किती? बहुतेक उपचारांत फरक असतो शंभरातल्या दोन-पाच माणसांचा, आणि एवढासा फरक डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून तर चाचणी लागते. विनोदाने ही मर्यादा स्वतः सांगितली नाही.

पुढे काय झालं? हा विनोद चक्क पुरावा म्हणून वापरला जाऊ लागला. "आमचा उपचार पॅराशूटसारखा आहे, त्याला चाचणीची गरज नाही," असं लिहून खाली या पेपरचा संदर्भ! २०१८ मध्ये काही संशोधकांनी याचीच मोजणी केली. या पेपरचा संदर्भ देणारे ८२२ लेख त्यांनी पाहिले. त्यांत ३५ वैद्यकीय उपचारांना पॅराशूटची उपमा दिलेली सापडली. त्यांपैकी २२ उपचारांवर चाचण्या झालेल्या किंवा सुरू असलेल्या निघाल्या, आणि ठळक फायदा दिसला होता फक्त ६ उपचारांत. बाकीच्यांत कुठे फायदा दिसला नाही, कुठे निकाल संमिश्र आला, कुठे चाचणी थांबवावी लागली किंवा अजून पूर्णच झालेली नव्हती. माझ्या माशापेक्षा हे प्रकरण गंभीर आहे. मी एका सहकाऱ्याला ओशाळवलं, इथे रुग्णांचा प्रश्न होता.

दुसरा विनोद डिसेंबर २०१८ चा, पुन्हा 'बीएमजे'चाच. या वेळी रॉबर्ट येह आणि सहकाऱ्यांनी खरीखुरी रँडमाइज्ड चाचणी केली. विमानातून उडी मारायची. काहींच्या पाठीवर पॅराशूट, काहींच्या पाठीवर रिकामी सॅक. ९२ जणांना विचारलं, २३ जण तयार झाले. निकाल: मृत्यू किंवा गंभीर इजा दोन्ही गटांत शून्य टक्के. पॅराशूटने काहीही फरक पडत नाही!

मग तुम्ही तक्ता बघता. सहभागी झालेल्यांनी सरासरी ०.६ मीटर उंचीवरून उडी मारली होती. विमानाचा वेग होता ताशी शून्य किलोमीटर. विमान जमिनीवर उभं होतं. ज्यांनी नकार दिला त्यांना विचारलं गेलं होतं तेव्हा ते सरासरी ९,१४६ मीटरवर, ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडत होते.

इथे मात्र मी टाळ्या वाजवल्या. हा विनोद समजायला तुम्हाला तक्ता वाचावाच लागतो. ॲबस्ट्रॅक्टमधल्या निष्कर्षाच्या पहिल्या वाक्यात 'फरक पडला नाही' असं म्हटलंय, आणि विमान जमिनीवर होतं हे त्याच्या पुढच्याच वाक्यात येतं. म्हणजे विष आणि उतारा शेजारी शेजारी ठेवलेत. शिवाय मुद्दा अगदी खरा आहे: एखाद्या उपचारावर सगळ्यांचा आधीच विश्वास असेल, तर चाचणीत ज्यांना धोका कमी तेच लोक सामील होतात. मग निघणारा निकाल धोक्यातल्या लोकांना लागू पडत नाही. कुठल्याही चाचणीचा पेपर हातात आला, की आधी सहभागी कोण होते आणि नकार कुणी दिला ते बघा. हा धडा मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या उभ्या विमानाने पक्का शिकवला.

चार शब्दांचा पासवर्ड

आता संगणक सुरक्षेकडे येऊ, कारण तिथले विनोद आपण रोज जगतो. माझा एका पोर्टलवर लॉगिन आहे (नाव नको). तिथे ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवंच. मी काय करते? तेच जे तुम्ही करता. शेवटचा आकडा एकने वाढवते.

ऑगस्ट २०११ मध्ये रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या चित्रमालिकेत याच छळावर एक चित्र आलं. एका बाजूला एक अवघड इंग्रजी शब्द, त्यात अक्षरांच्या जागी आकडे, शेवटी एक चिन्ह आणि एक अंक. दुसऱ्या बाजूला चार साधे शब्द: करेक्ट, हॉर्स, बॅटरी, स्टेपल. चित्राचा हिशोब असा: पहिल्या प्रकारात २८ बिट, म्हणजे सुमारे २७ कोटी शक्यता. सेकंदाला हजार प्रयत्न केले तर तीन दिवसांत सगळ्या संपतात. दुसऱ्यात ४४ बिट, म्हणजे साडेसतरा लाख कोटी शक्यता. त्याच वेगाने ५५० वर्षं लागतात. आणि गंमत म्हणजे माणसाला लक्षात ठेवायला अवघड तो पहिला, आणि यंत्राला ओळखायला अवघड तो दुसरा. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, हिशोब बरोबर येतो. मी केलाय.

ज्या नियमांची ही थट्टा होती, त्यांचं एक मूळ अमेरिकेतल्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत होतं. २०१७ मध्ये 'निस्ट'ने नवी पुस्तिका काढली. त्यात चिन्ह-आकड्यांची सक्ती नको, पासवर्ड फुटल्याचा संशय नसताना उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, आणि आधीच फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून पाहा, असं सांगितलं. जुन्या पुस्तिकेचे लेखक बिल बर यांनी त्याच वर्षी एका वर्तमानपत्राशी बोलताना आपल्या त्या सल्ल्याबद्दल पश्चात्तापही व्यक्त केला.

म्हणजे विनोद बरोबर निघाला? हो, पण अर्धाच वाचला तर नाही. ४४ बिट आले कुठून? प्रत्येक शब्दाला ११ बिट, म्हणजे २,०४८ शब्दांच्या यादीतून चिठ्ठी काढल्यासारखा एक शब्द, असं चार वेळा. सगळा जीव त्या 'चिठ्ठी काढल्यासारखा' मध्ये आहे. चित्रात 'रँडम' हा शब्द लिहिलेला आहे, पण लोकांनी चार शब्द लक्षात ठेवले आणि 'रँडम' विसरले. तुम्ही मनाने निवडलेले आई, पुणे, पाऊस, चहा हे चार शब्द म्हणजे चिठ्ठ्या नव्हेत. ते तुमच्या डोक्यात सगळ्यात वर असलेले शब्द आहेत, आणि इतर लाखोंच्याही. काही महाभागांनी तर चित्रातले तेच चार शब्द पासवर्ड म्हणून ठेवले! असं करायचंच असेल तर फासे टाका. 'डाइसवेअर' या पद्धतीत पाच वेळा फासा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द निवडतात.

आणखी एक गृहीतक चित्रात बारीक अक्षरांत लिहिलंय: सेकंदाला हजार प्रयत्न हा वेग ऑनलाइन लॉगिनवरच्या हल्ल्यासाठी धरलाय. पासवर्डची साठवलेली फाइलच चोरीला गेली तर प्रयत्न याहून कितीतरी वेगाने करता येतात, हेही तिथेच कबूल केलंय. म्हणून चित्रकाराला मी दोष देत नाही. त्याने गृहीतकं लिहिली, वाचणाऱ्यांनी सोडली. उद्या तुमच्या थीसिसमधल्या मर्यादांच्या परिच्छेदाचंही असंच होणार आहे. तरी तो लिहायचाच.

शीर्षकावर हसणं

एक प्रकार पटकन उरकते. २००२ चं गणिताचं इग नोबेल केरळ कृषी विद्यापीठातल्या के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन यांना मिळालं. विषय होता भारतीय हत्तीच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. "याला पैसे देतं कोण?" हा आपला ठरलेला विनोद.

पण थांबून विचार करा. प्राणी उष्णता बाहेर टाकतो ती कातडीतून. त्याची चयापचय क्रिया दुसऱ्या प्राण्याशी ताडून पाहायची, तर क्षेत्रफळ लागतं. आणि हत्तीला काही दर वेळी कागदात गुंडाळून मोजता येत नाही. म्हणून त्यांनी उंची आणि पुढच्या पायाच्या तळव्याचा घेर अशा सहज घेता येणाऱ्या मापांवरून अंदाज बांधायचं सूत्र दिलं. मोजायला अवघड गोष्ट सोप्या मापांवरून काढणं, हे संशोधनातलं रोजचं काम आहे. इग नोबेलवाल्यांचंही म्हणणं असतंच की आधी हसा आणि मग विचार करा. आपण पहिल्या अर्ध्यावर घरी जातो.

आणि जो प्रकार मला नावडतो

सप्टेंबर २०११. 'ऑपेरा' प्रकल्पाच्या संशोधकांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्नहून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचलेले दिसतात. विनोदांचा पाऊस पडला. त्यात उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, अशा धर्तीचे काही तर खरंच छान होते, कारण त्यांत कार्यकारणाचं भौतिकशास्त्र होतं.

फेब्रुवारी २०१२ मध्ये कळलं की घड्याळाच्या जोडणीतली एक फायबर ऑप्टिक केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. उलट दिशेने परिणाम करणारा घड्याळाचा आणखी एक दोषही सापडला. त्याच वर्षी सुधारित मोजमापं आली आणि न्यूट्रिनो प्रकाशाच्या वेगाच्या मर्यादेत परतले. आता विनोदांचा सूर बदलला: एवढे मोठे शास्त्रज्ञ आणि साधी वायर लावता येईना! मार्चमध्ये प्रकल्पाचे प्रवक्ते आणि एक वरिष्ठ समन्वयक पदावरून पायउतार झाले.

हा दुसरा विनोद वाईट का, ते सांगते. मूळ घोषणेत या लोकांनी आइन्स्टाइन चुकला असं म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं होतं की आम्ही हजारो नोंदी तपासल्या, चूक शोधत राहिलो, सापडली नाही, आता तुम्ही सगळे शोधा. निकालाचा सैद्धांतिक अर्थ लावायचं त्यांनी मुद्दाम टाळलं होतं. शेजारच्या 'इकारस' प्रयोगानेही वेग मोजून पाहिला आणि तो प्रकाशापेक्षा जास्त आला नाही. जाहीर करण्याची घाई झाली का, यावर मतभेद असू शकतात. त्या गटातही होते. ती टीका योग्यच आहे, पण ती त्यांच्या निर्णयावरची टीका आहे. वायरवर हसणारा माणूस मात्र एवढंच सांगतो की चूक झाली, म्हणजे तुम्ही मूर्ख.

आणि हे ऐकतं कोण? आपणच. ज्याच्या डेटामध्ये काहीतरी विचित्र दिसतंय आणि ते मीटिंगमध्ये दाखवू की नको, या विचारात जो रात्रभर जागा आहे, तो.

त्या शुक्रवारची उरलेली गोष्ट आता सांगते. ज्याला मी माशावरून गप्प केलं, तो पुढच्या आठवड्यात स्वतःचा पायलट डेटा मांडणार होता. त्याने नाव मागे घेतलं. मी जाऊन माफी मागितली तर म्हणाला, "अगं, तुझ्यामुळे नाही, तयारीच झाली नव्हती." कदाचित खरंही असेल. पण त्याने तो डेटा मांडला दोन महिन्यांनी, आणि त्यात कोडिंगची एक चूक निघाली, जी दोन महिने आधी निघाली असती. हसायला मला दोन सेकंद लागले होते.

मग हसायचं नाही का?

हसा की! विनोदाशिवाय पीएचडी पार पडत नाही, हे अनुभवाने सांगते. फक्त तो विनोद दुसऱ्याला पाठवण्याआधी किंवा मीटिंगमध्ये फेकण्याआधी चार गोष्टी बघा.

१. हा विनोद पद्धतीवर आहे, निकालावर आहे, की माणसावर? मासा पद्धतीवर होता. वायर माणसांवर गेली.

२. मूळ पेपर न वाचता हा विनोद करता आला असता का? आला असता, तर त्यातून तुम्हाला पेपरबद्दल फार काही कळलेलं नाही.

३. विनोदाची गृहीतकं कोणती? 'रँडम', 'सेकंदाला हजार', 'जमिनीवर उभं विमान'. ती काढून घेतली की विनोद टिकतो का?

४. समोरच्या पेपरला तो खरंच लागू आहे का? तिथेच मी आपटले होते. एका पेपरवरचा विनोद दुसऱ्या पेपरवर चिकटवायचा, तर तीच चूक तिथे आहे हे आधी दाखवावं लागतं.

पेट परीक्षेनंतरच्या मुलाखतीत तुम्हाला हमखास विचारतील, "अलीकडे वाचलेल्या एखाद्या पेपरवर टीका करा." तेव्हा या चार प्रश्नांचा उपयोग होईल. 'सॅम्पल लहान आहे' हे तर सगळेच म्हणतात. सॅम्पल कोणत्या प्रश्नासाठी लहान आहे आणि कुणी येण्यास नकार दिला, हे सांगणारे थोडे असतात.

या आठवड्याचा गृहपाठ: २०१८ चा पॅराशूटचा पेपर मिळवा. एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला निष्कर्षाचं फक्त पहिलं वाक्य दाखवा आणि त्यावर तीन ओळींत टीका लिहायला सांगा. लिहून झाली की उंची आणि वेगाचा तक्ता समोर ठेवा. तो चेहरा बघून मनसोक्त हसा. आणि मग पुढच्या आठवड्यात त्याने किंवा तिने तुमच्यावर असाच डाव टाकला, तर चिडू नका.

पुढच्या पोस्टमध्ये करेक्शनचे दोन मुख्य प्रकार सोडवलेल्या उदाहरणांसह घेऊ. मासा सोबत असेलच.